खाडीतला गाळ येतो कुठून आणि बसतो कुठे?

शाळेत आपण सगळ्यांनी ते चित्र काढलंय. मागे डोंगर, त्यातून निघालेली वळणावळणाची नदी आणि शेवटी समुद्र. नदी गाळ आणते आणि समुद्रात नेऊन टाकते, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. पण नदी समुद्राला जिथे भेटते त्या खाडीत हा हिशोब पार बिघडतो. तिथे बऱ्याचदा तळाचं पाणी समुद्राकडे जाण्याऐवजी उलटं, जमिनीच्या दिशेने सरकत असतं आणि येताना गाळही घेऊन येतं, म्हणजे खाडीत साठलेला सगळा चिखल नदीने सरळ आणून टाकलाय असं नसतं, त्यातला बराचसा बाहेर जाता जाता परत फिरलेला असतो, काही तर चक्क समुद्रातून आलेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे.

काठावर उभं राहून हे दिसत नाही, कारण आपल्याला दिसते ती भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. समजा भर प्रवाहात पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर आहे, तर एका भरतीत पाणी 14 किलोमीटरच्या आसपास आत जातं आणि ओहोटीला तेवढंच बाहेर येतं. आता या सगळ्या ये-जा मधून शेवटी हातात काय उरलं? पृष्ठभागावरचं पाणी निघालं तिथून थोडं पुढे, समुद्राच्या बाजूला. तळाचं पाणी थोडं मागे, नदीच्या बाजूला. हा उरलेला, निव्वळ प्रवाह बऱ्याचदा सेकंदाला 5-10 सेंटिमीटरच असतो, भरतीच्या वेगापुढे काहीच नाही. पण भरती जे आत नेते ते ओहोटी बाहेर आणते, आणि हा बारीक प्रवाह मात्र रोज एकाच दिशेने चालू असतो. सेकंदाला 5 सेंटिमीटर म्हणजे दिवसाला 4 किलोमीटरच्या वर झाले, आणि महिनाभर चालला की खाडी संपते.

तर तळाचं पाणी उलटं का जातं? मिठामुळे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे एक घनमीटर गोडं पाणी 1000 किलोचं तर समुद्राचं साधारण 1025 किलोचं. अडीच टक्के फरक, ऐकायला किरकोळ वाटतो. पण 10 मीटर खोल खाऱ्या पाण्याचा खांब उभा केला तर त्याचं वजन 10 मीटर 25 सेंटिमीटर उंच गोड्या पाण्याच्या खांबाइतकं भरतं. एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला खारं, दोन्हीची पातळी सारखी, आणि मधला पडदा काढला तर तळाशी खाऱ्या बाजूचा दाब जास्त, म्हणून खारं पाणी गोड्याच्या खाली घुसतं. आता गोड्या बाजूची पातळी 12-13 सेंटिमीटर वाढवा, नदी वरून पाणी टाकतच असते त्यामुळे खाडीच्या आतल्या टोकाला पातळी खरंच जराशी उंच असते. मग वरच्या भागात उतारामुळे गोडं पाणी बाहेर ढकललं जातं आणि तळाशी वजनामुळे खारं पाणी आत ढकललं जातं, आणि दोन्ही एकाच वेळी चालू. उताराचा ढकला सगळ्या खोलीवर सारखाच लागतो, पण मिठाचा ढकला जितकं खाली जाल तितका वाढत जातो. वर उतार जिंकतो, खाली मीठ जिंकतं. खाडीच्या पाण्याची अर्धी गोष्ट या एका वाक्यात आहे, बाकी सगळे फाटे.

हे आधी कोणी दाखवलं त्याची गोष्ट मला फार आवडते. लुईजी मार्सिली नावाचा इटालियन माणूस 1679 मध्ये इस्तंबूलला गेला. तिथली बॉस्फरस ही खाडी नाही, काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र यांना जोडणारी सामुद्रधुनी आहे, पण तत्त्व तेच, काळा समुद्र कमी खारा आणि पलीकडचं पाणी जास्त खारं. वरचा प्रवाह काळ्या समुद्रातून बाहेर येताना दिसतो, पण तिथल्या मच्छिमारांना पक्कं माहीत होतं की खोलवर प्रवाह उलटा आहे. मार्सिलीने वजन बांधलेली दोरी सोडली, तिला जागोजागी पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे लावलेले, आणि बघितलं तर खालचे तुकडे खरंच उलट्या दिशेला ओढले जात होते. मग त्याने एक टाकी घेतली, मध्ये पडदा, एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कमी खारं, पडद्याला वर-खाली भोकं पाडली आणि दोन उलटे प्रवाह सगळ्यांसमोर चालवून दाखवले. 1681 मध्ये हे छापून आलं. प्रत्यक्ष खाडीत असंच होतं हे नीट मोजून दाखवलं ते डोनाल्ड प्रिचर्डने, अमेरिकेत चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या जेम्स नदीच्या खाडीत, आणि ते साल उजाडलं 1950 नंतर. म्हणजे मच्छिमारांच्या तोंडी असलेली गोष्ट कागदावर नीट बसायला पावणेतीनशे वर्षं.

यात अजून एक हिशोब आहे जो कुणीही कागद-पेन घेऊन करू शकतं. मार्टिन क्नुडसेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तो 1900 च्या सुमारास मांडला. मीठ कुठे गायब होत नाही, खाडीत जेवढं मीठ तळातून आत येतं तेवढंच वरून बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर खाडी दिवसेंदिवस खारट होत जाईल. समजा नदी सेकंदाला 100 घनमीटर पाणी आणते. तोंडाशी तळातून आत येणाऱ्या पाण्यात किलोमागे 30 ग्रॅम मीठ आहे आणि वरून बाहेर जाणाऱ्या पाण्यात 25 ग्रॅम. मग आकडे जुळायला आत येणारं पाणी 500 आणि बाहेर जाणारं 600 घनमीटर निघतं. 500 गुणिले 30 म्हणजे 15000, 600 गुणिले 25 म्हणजे पण 15000. नदीने दिलं फक्त 100, पण त्या जोरावर खाडीने 500 समुद्रातून ओढून घेतलं! नदी हा छोटा पंप आहे आणि त्याने चालू केलेलं चक्र त्याच्या पाचपट मोठं आहे. धरणं बांधून नदीचं पाणी कमी केलं की खाडीत फक्त तेवढंच पाणी कमी होतं असं समजणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा तरी करावा.

अर्थात सगळ्या खाड्या सारख्या नसतात. नदी जोरदार आणि भरती कमी असेल तर खारं पाणी तळाशी पाचरीसारखं घुसून बसतं, वर जवळजवळ गोडं पाणी, मध्ये स्पष्ट सीमा. मिसिसिपी नदीत हेच होतं. तिचा तळ शेवटचे कित्येक किलोमीटर समुद्रपातळीच्या खाली आहे, त्यामुळे नदीचं पाणी आटलं की पाचर वर सरकायला लागते, 2023 च्या दुष्काळात ती एवढी वर चढली की काठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न झाला आणि नदीच्या तळावर मातीचा पाण्याखालचा बांध घालून तिला अडवावं लागलं. उलट भरती जबरदस्त आणि नदी बारीक असेल तर पाणी एवढं घुसळलं जातं की वर-खाली मीठ सारखंच. बहुतेक खाड्या या दोघांच्या मधल्या, अर्धवट मिसळलेल्या. नॉर्वेमधल्या फ्योर्डची, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाड्यांची, तऱ्हा वेगळीच, तोंडाशी उंबरठा आणि आत प्रचंड खोली, त्यामुळे तळाचं पाणी महिनोन् महिने तिथेच पडून राहतं. ॲमेझॉन एवढी ताकदवान की समुद्राचं पाणी नदीत शिरतच नाही, मिसळण्याचा सगळा कार्यक्रम बाहेर समुद्रात. आणि सेनेगलमधल्या सालूमसारख्या ठिकाणी नदीपेक्षा बाष्पीभवन जास्त, मग आतलं पाणी समुद्रापेक्षा खारट होतं, हिशोबच उलटा.

एकच खाडीसुद्धा पंधरवड्यात रूप बदलते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, तळावर घासून पाणी घुसळलं जातं, थर मोडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, प्रवाह मंद, थर परत नीट बसतात. आणि वरचं बाहेर-खालचं आत हे चक्र अर्धवट मिसळलेल्या खाडीत भांगाच्या वेळी जास्त जोरात चालतं. आपल्याला वाटेल उधाणाला सगळंच जोरात असेल, पण मिक्सिंग हा या चक्राचा ब्रेक आहे, दोन्ही थर एकमेकांत घुसले की कोणालाच धड पुढे जाता येत नाही.

आता गाळाकडे येऊ, माझ्या मते मजा इथेच आहे.

वाळूचं सोपं असतं. 0.2 मिलिमीटरचा कण सेकंदाला साधारण 2 सेंटिमीटर खाली जातो, 5 मीटर पाण्यात चार-पाच मिनिटांत तळाला. वेग जरा कमी झाला की ती पडते, म्हणून नदीची वाळू खाडीच्या आतल्या टोकाशी आणि समुद्राची वाळू तोंडाशी दांडा करून बसते. प्रश्न मधल्या चिखलाचा आहे. चिकणमातीचा कण 2 मायक्रॉनचा धरला, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, तर तो एकटा 5 मीटर खाली जायला दोन आठवड्यांच्या वर घेतो, आणि तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर! खाडीत पाणी सहा तासही स्वस्थ बसत नाही. मग हा कण तळाला पोचायलाच नको, सरळ समुद्रात जायला हवा. पण तसं होत नाही, कारण तो एकटा राहत नाही.

मातीच्या या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, सगळे सारखेच, म्हणून नदीच्या गोड्या पाण्यात ते एकमेकांना लांब ठेवतात. पाणी जरा मचूळ झालं, अगदी किलोमागे एक-दोन ग्रॅम मीठ आलं, की मिठातले धन आयन कणांभोवती गर्दी करतात, तो दुरावा कमी होतो, कण एकमेकांवर आदळले की चिकटतात. त्यात शेवाळं आणि जिवाणू जो बुळबुळीत चिकट पदार्थ सोडतात तो गोंदासारखा कामाला येतो. अशी कणांची पुंजकी बनतात, हजारो कण एकत्र, पोकळ आणि भुसभुशीत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की थोड्या वेळाने पाणी निवळतं ना, साधारण तोच प्रकार. पुंजकं सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर खाली जातं, म्हणजे 5 मीटरला दीड ते पावणेतीन तास. दोन आठवड्यांचं काम दोन तासांवर आलं आणि आता ते भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात बसतं. फक्त प्रवाह फार जोरात असेल तर हीच पुंजकी परत फुटतात, त्यामुळे खाडीत दिवसभर जुळणं-फुटणं चालूच.

आता दोन गोष्टी जोडून बघा. नदीच्या पाण्यातून आलेला कण वरच्या थरात समुद्राकडे निघालाय. वाटेत मीठ भेटलं, पुंजकं झालं, जड झालं, खाली बसायला लागलं. खाली बसता बसता ते वरच्या थरातून खालच्या थरात आलं, आणि खालचा थर तर आत चाललाय. म्हणजे समुद्राकडे निघालेला गाळ जिना उतरला आणि उलट्या गाडीत बसला. ती गाडी त्याला आत घेऊन जाते जिथपर्यंत खारं पाणी पोचतं तिथपर्यंत, तिथे नदीचा प्रवाह समोरून येतो, दोघांची गाठ पडते आणि गाळ तिथे जमत राहतो. थोडा वर ढवळला जातो, परत बाहेर निघतो, परत बसतो, परत आत येतो. या जागी पाणी नदीपेक्षाही गढूळ आणि समुद्रापेक्षाही गढूळ असतं, दोन्हीकडून स्वच्छ पाणी आलं तरी मध्ये चहासारखा रंग. फ्रान्समधल्या जिरोंद खाडीत असा पट्टा ठळक आहे, लिटरमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त गाळ, आणि फ्रेंच लोक त्याला 'चिखलाचं बूच' म्हणतात, मला यापेक्षा चपखल नाव माहीत नाही. नदीला पूर आला की हे बूच तोंडाकडे ढकललं जातं, पाणी आटलं की बोर्दो शहरापर्यंत आणि त्याच्याही वर चढतं.

पण पाणी पूर्ण घुसळलेलं असतं, थर नसतात, अशा खाड्यांमध्येही गाळ आत येतो, मग तिथे कोण आणतं? तिथे भरती स्वतःच आणते. उथळ पाण्यात लाट खोलीनुसार चालते, खोली जास्त तर वेग जास्त. भरतीच्या वेळी खोली जास्त म्हणून भरतीचा माथा भराभर पुढे येतो, ओहोटीचा खळगा रेंगाळतो, आणि आत जाता जाता भरती कमी वेळात आटपते पण जोरात होते, ओहोटी लांबते आणि संथ होते. समजा भरती 5 तास आणि ओहोटी साडेसात तास. तेवढंच पाणी आत, तेवढंच बाहेर, म्हणून भरतीचा वेग ओहोटीच्या दीडपट. पाण्याचा हिशोब फिट्टं फाट. पण गाळ वाहण्याची ताकद वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दीडचा घन 3.375, गुणिले 5 तास, सुमारे 17. ओहोटीचा एकचा घन एकच, गुणिले साडेसात. म्हणजे पाणी सारखंच पण भरतीने आणला 17 आणि ओहोटीने परत नेला साडेसात. फरक खाडीत. याचं टोक म्हणजे भरतीची भिंतच उभी राहून नदीत शिरते, हुगळीत आणि चीनच्या छिएनथांग नदीत दिसते ती.

त्यात एक भर म्हणजे चिखलाचा हट्टीपणा. भरती संपत आली, वेग कमी झाला, पुंजकं खाली पडायला लागलं तरी पडता पडता ते अजून थोडं आत वाहून जातं. तळाला बसलं की काही तासांत त्यातलं पाणी पिळून निघायला लागतं आणि ते घट्ट होतं, मग उचलायला बसतानापेक्षा जास्त वेग लागतो. ओहोटी सुरू झाली तरी हा लगेच उठत नाही, उठतो तेव्हा निम्मी ओहोटी गेलेली असते. काठाच्या उथळ भागात तर ओहोटीला तेवढा वेग येतच नाही, म्हणून चिखलाची मैदानं काठांवर तयार होतात, त्यावर खारफुटी उगवते, तिच्या मुळांमुळे पाणी अजून मंद होतं आणि अजून गाळ बसतो. जमीन बनवायचं काम असं फुकटात चालू असतं.

गाळ फार झाला की तळाशी धड पाणी नाही धड जमीन नाही असा पातळ लगदा होतो. जहाजवाल्यांना मग प्रश्न पडतो की तळ मानायचा कुठे? रॉटरडॅम बंदरात यावर सरळ तोडगा काढला, घनता लिटरला 1.2 किलो होईपर्यंत त्याला पाणीच समजायचं, जहाज त्यातून जाऊ शकतं.

आणि इथेच माणसाची ढवळाढवळ अंगाशी येते. बंदरासाठी खाडी खोल केली की वरचं-खालचं चक्र वाढतं, आणि थोडंथोडकं नाही, साध्या गणितात ते खोलीच्या घनाप्रमाणे वाढतं, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून खोली दुप्पट केली तर प्रवाह आठपट. प्रत्यक्षात बाकी सगळं तेच राहत नाही, पण दिशा हीच. जास्त खोल केलं, जास्त गाळ आला, मग अजून उपसा. जर्मनीतली एम्स नदी मोठ्या जहाजांसाठी खोल करत गेले आणि आता तिच्या खालच्या भागात उन्हाळ्यात तळाशी पाण्यापेक्षा लगदाच जास्त, ऑक्सिजन जवळपास संपलेला. हुगळीत उलट दिशेने प्रयत्न झाला, गंगेचं पाणी वळवून गाळ ढकलायचा म्हणून फराक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला. पण भरतीने आत आणलेल्या गाळाला बाहेर ढकलायला किती पाणी लागेल हा सोपा हिशोब नाही, आणि तिथला उपसा आजही थांबलेला नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडातल्या पेतिकोडियाक नदीचं. भरतीसाठी प्रसिद्ध असलेल्या फंडीच्या उपसागराला ती मिळते. 1968 मध्ये मंक्टन शहरापाशी तिच्यावर रस्ता आणि दरवाज्यांचा बांध बांधून पूर्ण झाला. खारं पाणी वर जायचं बंद. लोकांना वाटलं असेल भरती अडवली म्हणजे समुद्राचा गाळही अडला. झालं उलटं. बांधाच्या खाली भरती येतच होती, गाळ आणतच होती, पण ओहोटीला परत बाहेर धावणारं वरचं पाणीच उरलं नव्हतं, त्यामुळे आणलेला गाळ धुवून न्यायला कोणी नाही. बघता बघता किलोमीटरभर रुंद नदीचा शंभर मीटरही न भरणारा ओढा झाला. 2010 मध्ये दरवाजे कायमचे उघडले. भरती आत गेली, ओहोटी जोरात बाहेर आली, काठाचा चिखल सुटायला लागला, आणि भरतीची ती जुनी लाट परत मोठी व्हायला लागली, एवढी की 2013 मध्ये दोन सर्फर तिच्यावर स्वार होऊन नदीच्या उलट दिशेने 29 किलोमीटर गेले. फोटोत बघाल तर दोघांच्या अंगावर चिखलच चिखल, आणि लाटेचा रंग चॉकलेटी.